मनीचा गुडघा आणि मावशींचा गुडघा

उत्तनच्या वस्तीत वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला गेलो होतो. वाचन संपले, चहा झाला आणि आम्ही निघणार एवढ्यात घरच्या मावशींनी थांबवले. म्हणाल्या, "तुम्ही आरोग्याच्या पानावर लिहिता ना? मग एक सांगा. मी गुडघ्यासाठी ही गोळी घेते. हिला यातली अर्धी देऊ का?"

'ही' म्हणजे मनी. दाराशी पोत्यावर बसलेली करड्या रंगाची मांजर. थोरला नातू पहिलीत गेला त्या वर्षी ती घरात आली, आता तो बारावीला आहे. पूर्वी मनी जमिनीवरून थेट फळीवर उडी मारायची. बोंबील वाळत असले की कोळीवाड्यात फेरी मारून यायची. गेल्या काही महिन्यांपासून उडी बंद झाली आहे. आधी पाटावर, मग खुर्चीवर, मग कसेबसे खाटेवर अशी ती चढते. मागचा उजवा पाय उठताना ताठ राहतो. मावशींना तिची दया येत होती आणि घरात जे औषध होते तेच त्या तिला द्यायला निघाल्या होत्या.

गोळी हातात घेऊन पाहिली. पॅरासिटामॉल होती. आम्ही म्हणालो, "मावशी, अर्धी काय, कणभरही नको." कारण पुढे सांगतोच. पण ज्याला घाई असेल त्याने एवढेच वाचून ठेवावे: माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते.

पुढच्या आठवड्यात मनीला टोपलीत घालून बसने भाईंदरला आणि तिथून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि गुडघ्याच्या कडेला हाडाचे बारीक कंगोरे दाखवले. मावशी पदर सावरून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "माझ्या फोटोत पण असंच दाखवलं होतं डॉक्टरांनी."

त्यांचे बरोबरच होते. म्हणून या वेळचे पान मांजराच्या गुडघ्यावर आहे. मांजराचा गुडघा समजला की आपलाही समजतो.

मांजराचा गुडघा नेमका कुठे?

पुष्कळांना वाटते की मांजराचा गुडघा मागे वळतो. मागच्या पायाच्या मध्यावर जो टोकदार कोपरा मागे निघालेला दिसतो, त्याला लोक गुडघा समजतात. तो गुडघा नव्हे, ती मांजराची टाच आणि घोटा. मांजर, कुत्रा, गाय हे सगळे टाच वर उचलून चालतात. मांजराचा खरा गुडघा त्याच्या वर, पोटाच्या जवळ, केसांत लपलेला असतो. तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. हलक्या हाताने मांडीवरून खाली बोट फिरवले तर तिथे वाटीही लागते.

रचना पाहिली तर आपल्याशी साम्य थक्क करणारे आहे. वरून मांडीचे हाड येते, खालून नडगीचे. समोर वाटी असते. सांध्याच्या आत दोन दोऱ्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. नडगी पुढेमागे घसरू नये म्हणून त्या असतात. दोन्ही बाजूंना आणखी दोन पट्टे असतात. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. आपल्या गुडघ्यातही हे सगळे आहे.

फरक दोन-तीन. मांजराची वाटी लांबट असते. गुडघ्याच्या मागे, पोटरीच्या स्नायूंच्या मुळाशी, मटारच्या दाण्याहूनही लहान अशी दोन हाडे असतात आणि आणखी एक बारीक हाड थोडे खाली असते. माणसांपैकी काहींच्याच गुडघ्यात तसे एखादे हाड सापडते. तिसरा फरक उभे राहण्याचा. आपण उभे राहिलो की गुडघा सरळ होतो आणि स्नायूंना विसावा मिळतो. मांजर उभे असतानाही त्याचा गुडघा वाकलेलाच असतो, ताणलेल्या स्प्रिंगसारखा. म्हणून तर ते बसल्या जागेवरून पाच-सहा फूट उडी घेते.

मुशीचा काटा आणि तंगडीची टोपी

आता मुख्य गोष्ट. दोन हाडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर एक गुळगुळीत थर असतो. पुस्तकात त्याला कूर्चा म्हणतात, घरात आपण कुरकुरीत हाड म्हणतो. कोंबडीची तंगडी खाताना हाडाच्या टोकाला जी पांढरी, निळसर झाक असलेली, चकाकणारी टोपी लागते ती कूर्चा. उत्तनच्या बाजारात मुशी आणि पाकट मिळते. त्यांच्यात बोंबलासारखा किंवा बांगड्यासारखा काटा नसतो, सगळा सांगाडाच कुरकुरीत असतो. मुशीचे सगळे शरीर कूर्चेवर उभे आहे. आपल्यात आणि मांजरात ती फक्त मोजक्या ठिकाणी उरली आहे: कान, नाक, बरगड्यांची टोके, श्वासनलिका आणि सांधे.

माणसाच्या गुडघ्यातली कूर्चा साधारण दोन ते चार मिलिमीटर जाड असते. वाटीच्या मागची त्याहूनही जाड. मांजराची एक मिलिमीटरही भरत नाही. पण पातळ म्हणजे कमकुवत असे समजू नका. प्राणी जितका लहान, तितकी त्याची कूर्चा पातळ आणि तिच्यातल्या पेशी तितक्या दाट. जाडी वेगळी असली तरी कूर्चेच्या तेवढ्याच पृष्ठभागाखाली एकूण पेशींची संख्या बऱ्याच प्राण्यांत जवळपास सारखीच भरते. मांजराचे वजन तीन-चार किलो. तेवढ्या ओझ्याला तेवढा थर पुरतो.

आतले विणकाम

कूर्चेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर मांजराचा कोणता आणि माणसाचा कोणता हे जाडीवरून सांगता येईल, पण विणकाम दोन्हींचे एकच. त्यात चार गोष्टी असतात.

पहिली, पाणी. कूर्चेच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. हाताला घट्ट लागणारी ही वस्तू बहुतांशी पाणी आहे यावर विश्वास बसत नाही, पण तसे आहे.

दुसरी, धागे. हे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. ते हाडातून उभे निघतात, वर येतात, कमानीसारखे वळतात आणि पृष्ठभागाशी आडवे होतात. लग्नाच्या मांडवाचे बांबू जमिनीत उभे रोवून वर वाकवून बांधतात, तसेच काहीसे. त्यामुळे कूर्चेचे थर पडतात. सगळ्यांत वरच्या पातळ थरात धागे आडवे असतात आणि पेशी चपट्या. हा थर घासणे सोसतो. मधल्या जाड थरात धागे तिरपे आणि पेशी गोल. खालच्या थरात धागे उभे आणि पेशी एकावर एक रचलेल्या, विटांच्या थप्पीसारख्या. हा थर दाब सोसतो. त्याखाली चुन्याने कडक झालेला थर आणि मग हाड. मऊ आणि कडक यांच्या सीमेवर सूक्ष्मदर्शकात एक लहरी रेघ दिसते, भरतीचे पाणी ओसरल्यावर वाळूवर राहते तशी. शास्त्रज्ञांनी तिला नावही भरतीरेषा असेच दिले आहे.

तिसरी गोष्ट, पाणी धरून ठेवणारा पदार्थ. बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दिसणारे हे मोठे रेणू पाणी ओढून घेतात आणि फुगतात. धाग्यांचे जाळे त्यांना फुगू देत नाही. मासेमारीच्या जाळ्यात फुगे कोंबून भरावेत आणि जाळे ताणून बसावे, तसा हा ताण. त्या ताणामुळेच कूर्चा टणक राहते आणि दाबली तरी परत वर येते.

चौथी, पेशी. या फारच थोड्या. माणसाच्या कूर्चेत आकारमानाच्या पाच टक्क्यांहूनही कमी. प्रत्येक पेशी आपापल्या खोलीत एकटी किंवा जोडीने राहते, शेजारणीशी गाठभेट नाही. सगळ्या विणकामाची देखरेख या मूठभर पेशींवर.

दोन हाडांमधल्या चंद्रकोरी गाद्या वेगळ्या जातीच्या कूर्चेच्या असतात. त्यांच्यात धागे जास्त आणि जाड, म्हणून त्या चिवट. त्यांच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचते, आतल्या कडेला नाही. म्हणून बाहेरच्या कडेची जखम कधी कधी भरून येते, आतल्या कडेची सहसा येत नाही. म्हाताऱ्या मांजरांच्या आतल्या बाजूच्या गादीत पुष्कळदा चुना साचतो. एक्स-रेमध्ये तो बारीक खड्यासारखा दिसतो.

रक्त नाही, म्हणून भरून येत नाही

आता कूर्चेची खरी अडचण. तिच्यात रक्तवाहिनी नाही. मज्जातंतूही नाही.

रक्त नाही म्हणून जखम भरून येत नाही. हात कापला तर रक्त येते, खपली धरते, नवे कातडे येते. कूर्चेला चीर पडली तर तिथे ना रक्त येते ना दुरुस्तीचे सामान. पेशी थोड्या आणि जागेला खिळलेल्या. माणसात तर असे आढळले आहे की वाढीच्या वयात विणलेले धाग्यांचे जाळे पुढे जवळपास बदललेच जात नाही. लहानपणी विणलेले जाळे जन्मभर पुरवायचे. १७४३ साली लंडनमध्ये विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने लिहून ठेवले होते की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती परत येत नाही. आज शस्त्रक्रियेने छोटे खड्डे भरण्याचे प्रयत्न होतात, पण मूळची कूर्चा जशीच्या तशी परत आणणारी गोळी, पावडर किंवा तेल अजून निघालेले नाही.

मज्जातंतू नाही म्हणून सुरुवातीला दुखतच नाही. कूर्चा झिजत असताना माणूस चालतो, उड्या मारतो, जिने चढतो. दुखायला लागते ते खालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि भोवतालचे पट्टे त्रासले की. म्हणजे गुडघा दुखला तेव्हा झीज सुरू झाली असे नव्हे. ती आधीच सुरू झालेली असते, निरोप उशिरा पोचतो.

मग रक्ताशिवाय कूर्चा जगते कशावर? सांध्यातल्या चिकट पाण्यावर. पाय टेकला की कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते आणि तिच्यातले थोडे पाणी बाहेर जाते. पाय उचलला की ती पाणी आत ओढते आणि त्याबरोबर अन्नही. चालणे हेच कूर्चेचे जेवण. म्हणून "गुडघा दुखतो, आता हलायचंच नाही" हे उलटे औषध आहे. महिनोन्महिने न हललेल्या सांध्याची कूर्चा आणखी पातळ होते.

बत्तीस भागांतली लसिका

हे वाचताना आपल्या वंदना-पठणातली एक गोष्ट आठवली पाहिजे. शरीराचे बत्तीस भाग आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहेत. केस, लोम, नख, दात यांच्यापासून सुरू होणारी ती यादी संपता संपता 'लसिका' हा शब्द येतो. पटपट म्हणताना त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. लसिका म्हणजे सांध्यातले हे चिकट पाणी.

पाचव्या शतकात श्रीलंकेत आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' लिहिला. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. त्यात लसिकेबद्दल जे म्हटले आहे त्याचा आशय असा: ती शरीराच्या एकशेऐंशी सांध्यांत वंगणासारखी असते, आणि ज्याच्यात ती कमी पडते त्याची हाडे उठताबसता, वाकताना, पाय पसरताना कटकट वाजतात. थोडे अंतर चालले तरी त्याचे अंग दुखू लागते. मावशींना हे वाचून दाखवले तेव्हा त्या हसल्या. "हे तर माझंच लिहिलंय," म्हणाल्या.

दीड हजार वर्षांपूर्वीच्या निरीक्षणात आणि आजच्या शास्त्रात थोडा फरक आहे, तोही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. आवाज येतो म्हणजे पाणी संपलेच असे नाही. न दुखता नुसता आवाज येत असेल तर काळजी नको. "गुडघ्यातलं ग्रीस संपलं" असे आपण सर्रास म्हणतो, पण झिजलेल्या गुडघ्यात पाणी पुष्कळदा उलट वाढते आणि गुडघा सुजतो. ते पातळ झालेले असते, त्याचा चिकटपणा गेलेला असतो. बाहेरून चोळलेले तेल आत सांध्यात जात नाही. चोळल्याने स्नायूंना ऊब मिळते, बरे वाटते, एवढेच. ते वाईट नाही, पण त्यासाठी महागडी बाटली लागत नाही.

मांजर लंगडत नाही, लपवते

२०१० साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी १०० पाळीव मांजरांचे एक्स-रे काढून प्रसिद्ध केले. सहा महिन्यांच्या पिल्लापासून वीस वर्षांच्या म्हातारीपर्यंत सगळ्या वयाची मांजरे त्यात होती. ९२ मांजरांत कुठे ना कुठे सांध्यांची झीज दिसली. पायांत सर्वांत जास्त खुब्यात आणि त्याखालोखाल गुडघ्यात. एक्स-रेत झीज दिसली म्हणजे प्रत्येकाला दुखत होतेच असे नाही. पण एवढ्या मांजरांच्या घरच्यांना काही लक्षातच आले नसेल, हे विचार करण्यासारखे आहे.

कारण मांजर कण्हत नाही आणि सहसा लंगडतही नाही. ते फक्त एकेक गोष्ट सोडत जाते. उंच उडी सोडते. मग पाठीमागचे अंग चाटायचे सोडते, तिथल्या केसांच्या गाठी होतात. नखे घासायची सोडते, ती वाढून वळतात. कमरेला हात लावला की फिस्कारते. ठरलेल्या जागेऐवजी घरात घाण करते आणि मार खाते. आपण म्हणतो, मांजर म्हातारे झाले, चिडके झाले. खरे तर त्याला दुखत असते.

आता ही यादी पुन्हा वाचा आणि घरातल्या बाईकडे पहा. आधी तिने विहारात खाली बसणे सोडले. मग वरच्या मजल्यावरच्या बहिणीकडे जाणे सोडले. मग भीमजयंतीच्या मिरवणुकीत शेवटपर्यंत चालणे सोडले. कोणाला काही बोलली नाही. आमच्या मावशी वीस वर्षे भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये उकिडवे बसून लादी पुसत आल्या. उकिडवे बसताना आणि तिथून उठताना वाटीच्या मागच्या कूर्चेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. दिवसाला चार घरे, वीस वर्षे. मनीची झीज म्हातारपणाची आहे. मावशींची अर्धी कामाची आहे, आणि ती टाळता आली असती. लांब दांड्याच्या पोछ्याला किती पैसे पडतात? ज्या घरात लादी स्वच्छ हवी त्या घराने तो आणून द्यावा, आणि आपल्या बायकांनी तो मागताना संकोच करू नये. ही भीक नव्हे, कामाचे हत्यार आहे.

मांजरासाठी

पॅरासिटामॉल का नको? ते शरीरातून बाहेर टाकण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया लागते ती मांजरात फार कमजोर असते. औषधाचे विष बनते, रक्तातला लाल पदार्थ बिघडतो आणि रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. काही तासांत हे घडू शकते. चुकून गोळी पोटात गेलीच तर वाट न पाहता जनावरांच्या दवाखान्यात न्यावे आणि कोणती गोळी, किती, केव्हा हे सांगावे. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन याही गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. वेदनेचे मलमही लावू नये, कारण मांजर ते चाटते.

डायक्लोफिनॅकवरून आठवले. हे औषध दिलेली गुरे मेली आणि गिधाडांनी ती खाल्ली, त्यामुळे देशातली गिधाडे जवळपास नाहीशी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. दयेने दिलेले औषधही न तपासता दिले तर कुठवर पोचते, याचे हे उदाहरण.

मनीच्या डॉक्टरांनी तिला वजनावर मोजून थेंबांत औषध दिले आणि मूत्रपिंड तपासल्याशिवाय ते पुढे चालू ठेवायचे नाही असे बजावले. बाकी उपाय घरचेच. फळीपर्यंत जाण्यासाठी मध्ये एक पाट आणि एक खोके ठेवा. झोपायला उबदार जागा द्या, पावसाळ्यात ओल्या लादीवर नको. नखे कापा. वजन वाढू देऊ नका. आणि नुसत्या माशांवर ठेवू नका. उत्तनसारख्या ठिकाणी मांजराला मासे फुकट मिळतात, पण तारली-बांगड्यासारखे तेलकट मासेच रोज दिले तर जीवनसत्त्व 'ई' कमी पडून अंगातली चरबी दुखरी होते. रोज नुसते काळीज घातले तर जीवनसत्त्व 'अ' जास्त होऊन मानेची हाडे जखडतात. मिसळून द्या.

मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथेच बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे. भाईंदरहून लोकलने प्रभादेवीला उतरले की पुढे फार लांब नाही. अवघड दुखण्याला हा पत्ता लक्षात ठेवावा.

माणसासाठी

रोज सपाट जागेवर चाला, झेपेल तेवढे, पण रोज. खाटेवर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती गुडघ्याने खाली दाबून पाच आकडे मोजा. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. या व्यायामाला पैसा लागत नाही आणि गुडघ्याच्या झिजेवर याच्याइतका पारखलेला घरगुती उपाय दुसरा नाही. वजन जास्त असेल तर थोडे कमी केले तरी फरक पडतो. उकिडवे बसणे टाळा. शक्य असेल तिथे कमोड किंवा प्लॅस्टिकचे स्टूल वापरा.

दुखण्याच्या गोळ्या रोज महिनोन्महिने घेऊ नका. पोट आणि मूत्रपिंड त्याची किंमत देतात, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर. नाक्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या तर मुळीच नकोत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत. चार दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते आणि पुढे हाडेच पोकळ होतात. 'कूर्चा परत येईल' म्हणून ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्या विकतात. २००६ साली अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर त्यांची चाचणी झाली. एकूण रुग्णांत ती गोळी आणि औषध नसलेली खोटी गोळी यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. कालामांना तथागतांनी जे सांगितले ते औषधाच्या जाहिरातीलाही लागू आहे: कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या.

गुडघा अचानक सुजला, लाल झाला, ताप आला, मध्येच अडकला, पाय टेकवत नाही, किंवा सकाळी तासाहून जास्त वेळ बोटांसह सगळे सांधे आखडतात, असे काही असेल तर थांबू नका. भाईंदरच्या टेंबा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन हाडांच्या डॉक्टरांची वेळ विचारा.

विहारात एक खुर्ची

मावशी गेले वर्षभर विहारात आल्या नव्हत्या. खाली बसता येत नाही आणि बुद्धमूर्तीसमोर खुर्चीवर बसणे त्यांना अनादराचे वाटत होते. उत्तनहून जवळच गोराईला विश्व विपश्यना पॅगोडा आहे. विपश्यनेच्या केंद्रांवरसुद्धा गुडघे दुखणाऱ्या साधकांना खुर्ची मिळते. ध्यान मनाने करायचे असते. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बाबासाहेबांची शेवटची वर्षे पोखरली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ते हातात काठी घेऊन उभे राहिले. त्या काठीने त्यांचा मान कमी झाला नाही. मग खुर्चीने आपला कसा होईल? प्रत्येक विहाराने मागच्या भिंतीशी चार खुर्च्या ठेवाव्यात, आणि कोणी मागण्याची वाट न पाहता.

उत्तनच्या किनाऱ्यावरून उत्तरेला, वसईच्या खाडीपलीकडे सोपारा आहे. तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले: आठव्या लेखाचा १८८२ साली, नवव्याचा १९५६ साली. त्याच लेखमालेतला दुसरा लेख गिरनारसारख्या ठिकाणी पूर्ण वाचायला मिळतो. त्यात अशोकाने दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केल्याचे नोंदवले आहे, माणसांसाठी आणि जनावरांसाठी. औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्याचेही त्यात आहे. माणूस आणि जनावर एका ओळीत लिहिणारा राजा आपल्या धम्माचा होता. मांजर आडवे गेले म्हणून दगड मारणारे घर आपले असू नये.

मनी आता पाटावरून खोक्यावर आणि खोक्यावरून फळीवर जाते. उडी नाही, पण फळी मिळाली. मावशींच्या हाती एका घरातून लांब दांड्याचा पोछा आला आहे. बाकी तीन घरांत त्यांनी अजून मागितलेला नाही. आम्ही विचारले तर म्हणाल्या, "मागते. या महिन्यात मागते."

जय भीम. नमो बुद्धाय.